एका पोत्यातल्या अनेक बुरश्या : साठवलेल्या मक्यात विष नेमकं कधी तयार होतं?

शिवारवाट

मका घरात आला की आमच्या सिल्लोड-कन्नड पट्ट्यात एकच चौकशी होते, बुरशी लागली का? लागली असेल तर हिरवे दाणे वेचायचे, उरलेला मका दोन उन्हं दाखवायचा आणि पोती शिवायची. मी धान्य तपासणीच्या कामात आहे. रोज जे नमुने हाताखालून जातात ते बघून मला हे लिहावंसं वाटलं, कारण एवढ्या चौकशीनं भागत नाही. दाण्यावर बुरशी किती दिसते यावरून आत विष किती हे सांगता येत नाही. बुरशीनं भरलेला एखादा नमुना अफ्लाटॉक्सिनच्या, म्हणजे काही बुरश्या बनवतात त्या विषाच्या, चाचणीत स्वच्छ निघतो, आणि पिवळाधमक, खणखणीत दिसणारा दुसरा नमुना मर्यादेच्या कितीतरी वर जातो.

असं का होतं? पोत्यात बुरशी कधीच एकटी नसते. एका दाण्यावर चार-पाच जातींचे बीजाणू सहज असतात. त्यांतली कोण वाढणार, कोण मागे पडणार आणि विष बनवणारी जात विष बनवण्याच्या स्थितीत येणार की नाही, हे त्यांच्यातल्या चढाओढीवर ठरतं. चढाओढ कोण जिंकणार हे ठरतं पाण्यावर आणि तापमानावर.

आधी पाणी. मोंढ्यातलं मीटर ओलाव्याचा टक्का दाखवतं. बुरशीला मात्र त्यातलं मोकळं, वापरता येईल तेवढंच पाणी मिळतं. त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात आणि ती ० ते १ मध्ये मोजतात. मका १४ टक्क्यांवर असेल तर ती साधारण ०.७० भरते. शेंगदाण्यात तेल जास्त, म्हणून तिथे ७-८ टक्क्यांनाच ०.७० होते. मक्याला चालणारा ओलावा शेंगदाण्याला चालत नाही तो यामुळे. ०.७० च्या खाली जवळजवळ सगळं थांबलेलं असतं.

०.७५ च्या आसपास पहिली उठते ती अ‍ॅस्परजिलस ग्लॉकस गटातली मंडळी. जुन्या पुस्तकांत यांना युरोशियम म्हटलेलं सापडेल. दाण्याच्या अंकुराच्या टोकाशी फिकट राखाडी-हिरवट पूड दिसते ती बहुधा हीच. अफ्लाटॉक्सिन या बनवत नाहीत, म्हणून ‘साधी बुरशी आहे, काही होत नाही’ असं म्हणून लोक सोडून देतात. माझा जीव इथेच अडकतो. ही बुरशी दाण्यातला स्टार्च खाते, श्वास घेते, आणि त्या श्वासातून पाणी आणि उष्णता बाहेर पडते. हिशोब सोपा आहे : १ किलो स्टार्च पूर्ण जळला की अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. म्हणजे क्विंटलमागे एक किलो जरी तिनं खाल्लं तरी त्या ढिगाचा ओलावा बाहेरून थेंबही न पडता अर्धा टक्का वाढतो. आणि हे पाणी ढिगात सारखं पसरत नाही, एका कोपऱ्यात साचतं. तिथे ०.७५ चं ०.८० होतं, मग ०.८५ होतं.

०.८० ला अफ्लाटॉक्सिन बनवणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस वाढायला लागते. विष भरात बनायला तिला आणखी थोडं जास्त पाणी आणि २५ ते ३० अंशांच्या आसपासचं तापमान हवं असतं. मराठवाड्यात ऑक्टोबरमध्ये घरातल्या थप्पीच्या पोटात नेमकं तेच असतं. तोवर त्या कोपऱ्यातून पहिली मंडळी मागे पडलेली असते, कारण जास्त पाण्यात जोरात वाढणाऱ्यांपुढे तिचा टिकाव लागत नाही. थोडक्यात, निरुपद्रवी बुरशी विषारी बुरशीसाठी दार उघडून देते.

या विषयावर चर्चा व्हावी, प्रश्न यावेत, म्हणून धागा काढतेय.

---

जुनं_खळं

उत्तम विषय. आमच्या लहानपणी मंगळवेढ्याकडे ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, ठेवत. कडबा, भुसकट लावून पेव बंद केलं की दोन-दोन वर्षं उघडत नसत. उघडल्यावर तोंडाशी आणि कडेनं थोडी कुबट, काळी पडलेली ज्वारी निघायची, मधली चांगली असायची. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही हा कडक नियम होता. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. याचा तुमच्या विषयाशी संबंध असावा असं वाटतं.

---

शिवारवाट

संबंध अगदी थेट आहे, काका. कंदील विझायचा कारण दाणे, किडे आणि बुरशी मिळून आतला ऑक्सिजन संपवत आणि तिथे कार्बन डायऑक्साइड साचत असे. पेवात उतरून माणसं दगावल्याच्या हकिकती आहेत त्या याचमुळे. पण तीच हवा धान्य राखायची. ऑक्सिजन अगदी कमी झाला की बुरशीची वाढ मंदावते आणि विषाचं उत्पादन तर बरंच आधी घसरतं. कडेला ज्वारी खराब व्हायची कारण भिंतीतून ओल यायची.

आज तीन थरांच्या हवाबंद पिशव्या मिळतात त्या याच तत्त्वावर चालतात. पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी त्या १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळी किड्यांपासून वाचवायला विकसित केल्या. अट एकच, आत जाणारं धान्य आधी कोरडं हवं. ओला मका हवाबंद केला तर तो आंबतो.

---

अंडी_नाशिक

आमचा लेयरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा, व्यवसाय. शिवारवाट म्हणतात ते मी पक्ष्यांच्या पोटात बघितलंय. मका दिसायला एक नंबर, पुरवठादार जुना, आणि दहा-बारा दिवसांत अंड्यांचा टक्का खाली. मेलेला पक्षी फाडला की लिव्हर पिवळट, ठिसूळ, सुजलेलं. त्याहून वाईट म्हणजे लसीकरण वेळेवर केलेलं असतं तरी आजार येतो, कारण अफ्लाटॉक्सिन प्रतिकारशक्तीच खाऊन टाकतं.

आता प्रत्येक गाडीची स्ट्रिप टेस्ट करतो. तरी एकाच गाडीतल्या दोन नमुन्यांचे आकडे जुळत नाहीत. हे का?

---

शिवारवाट

दादा, यात किटचा दोष कमी आणि नमुन्याचा जास्त. विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं, ते मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं. शेंगदाण्यात तर एकेका दाण्यात १० लाख पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग) घरात अफ्लाटॉक्सिन मोजलं गेलंय. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा धरा. त्यात अर्धा मिलिग्रॅम विष. तो २५ किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला तर सरासरी २० पीपीबी येते. आपल्याकडे माणसाच्या खाण्यातल्या धान्याची मर्यादा १५ आहे. एका दाण्यानं २५ किलो माल मर्यादेबाहेर!

म्हणून एका पोत्यात बांबी मारून मूठभर काढलेला नमुना निरुपयोगी. गाडीच्या वर-खाली, कडेला, मध्ये अशा अनेक जागांचा मिळून काही किलोंचा नमुना घ्या, तो सगळा दळा, पीठ नीट कालवा आणि मग त्यातलं चाचणीला घ्या. दळण्याआधी नमुना लहान केला तर सगळी मेहनत वाया जाते.

---

पूर्वा_७

मला मूळ मुद्द्याबद्दल विचारायचंय. मी मायक्रोबायॉलॉजीची विद्यार्थिनी आहे. दोन बुरश्या समोरासमोर आल्या की विष वाढतं की कमी होतं? आमच्या वर्गात ‘स्पर्धेत टिकायला विष बनवतात’ असं सरसकट सांगतात.

---

शिवारवाट

सरसकट उत्तर नाही, आणि मला हा विषय आवडतो तो त्यामुळेच.

पेट्रीडिशमध्ये दोन जाती थोड्या अंतरावर लावतात आणि त्या भेटतात तेव्हा काय होतं ते बघतात. काही एकमेकींत मिसळून जातात. काही बांधावरच्या भावकीसारख्या मध्ये मोकळी रेघ सोडून थांबतात. काही सरळ दुसरीच्या अंगावरून पुढे जातात. नरेश मगन आणि लेसी या संशोधकांनी १९८४ मध्ये याला गुण देऊन वर्चस्वाचा निर्देशांक काढायची पद्धत मांडली. त्यातून एक गोष्ट पक्की दिसली की तीच जोडी, तेच माध्यम, पण पाणी किंवा तापमान बदललं की जिंकणारी बदलते. उष्ण आणि जरा कोरड्या स्थितीत अ‍ॅस्परजिलस भारी पडतात. थंड आणि ओल्या स्थितीत पेनिसिलियम आणि फ्युजेरियम. दुसरी एक पद्धत आहे, त्यात दोन्ही जाती कोणकोणती साखर, अमिनो आम्लं वापरतात ते बघून त्यांच्या जागा किती एकमेकींवर येतात हे मोजतात. तोही आकडा पाण्याबरोबर हलतो.

आता विष. अ‍ॅस्परजिलस नायजर, म्हणजे कांद्यावर येणारी काळी बुरशी, फ्लेव्हससोबत वाढली की अफ्लाटॉक्सिन बहुतेक वेळा घटतं. मक्याच्या कणसात फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइडिस आधी शिरली असेल तर फ्लेव्हसला त्या दाण्यात जागा कमी मिळते. हे ऐकून हायसं वाटायला नको, कारण ती फ्युजेरियम स्वतः फ्युमोनिसिन नावाचं विष बनवते आणि नायजरच्या काही जाती ऑक्राटॉक्सिन हे आणखी एक विष बनवतात. एक विष घटलं म्हणजे दाणा निर्विष झाला असं होत नाही. आणि उलटही घडतं, काही जोड्यांत काही तापमानांना विष एकटीपेक्षा जास्त बनतं. शेजारीण त्रास देतेय पण हरवत नाहीये, असा ताण असला की अशी वाढ दिसते असं माझं मत आहे.

‘स्पर्धेत टिकायला’ हे स्पष्टीकरण दुसऱ्या बुरशीच्या संदर्भात कच्चं आहे, कारण अफ्लाटॉक्सिन इतर बुरश्यांना फारसं मारत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी फळमाशीच्या अळ्या सोबत ठेवून प्रयोग केले, तेव्हा विष बनवणाऱ्या फ्लेव्हसला फायदा दिसला. निदान तिथे तरी शत्रू किडा होता. आपल्या कोठीत सोंडे आणि टोके असतातच. ते दाणा फोडतात, बीजाणू अंगावर वाहून नेतात आणि स्वतःच्या श्वासानं ओल वाढवतात.

---

पूर्वा_७

खूप आभार. वर्चस्व निर्देशांक नावानं वाचला होता, पण तो पाण्याबरोबर बदलतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

केदार_आयोवा

इथे मक्याच्याच राज्यात राहतो म्हणून लिहितो. २०१२ च्या दुष्काळात आयोवात अफ्लाटॉक्सिन इतकं आलं की राज्यानं दुधाची तपासणी सक्तीची केली. तेव्हा पाऊस नव्हता, उलट पिकाला पाण्याचा ताण आणि प्रचंड उष्णता होती. फ्लेव्हस शेतातच कणसात शिरली होती. म्हणजे फक्त साठवणीतली ओल बघून चालणार नाही.

---

शिवारवाट

बरोबर. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडला तर लागण शेतातच होते आणि नंतर ओल मिळाली की साठवणीत विष वाढतं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये खंड आणि काढणीला पाऊस असं वर्ष आलं तर दोन्ही एकदम. भुईमुगाचंही तेच, शेंगा भरताना जमीन तापली, कोरडी पडली की धोका.

काढणीच्या पावसानं काय होऊ शकतं याचं आपल्या शेजारचं उदाहरण १९७४ चं आहे. बांसवाडा, डुंगरपूर आणि पंचमहाल भागातल्या भिल्ल वस्त्यांमध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका तसाच साठवला गेला आणि खाल्ला गेला. ३९७ जणांना कावीळ, पोटात पाणी. १०६ जण गेले. त्याच घरांतली कुत्रीही मेली, त्यावरून अन्नाकडे लक्ष गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तपास केला. केनियात २००४ मध्ये पुन्हा तेच घडलं, ३१७ आजारी, १२५ मृत्यू. ती माणसं गरीब होती, दुसरं धान्य नव्हतं. बुरशी दिसत असूनही खाल्ली कारण घरात तेवढंच होतं. असं कुठल्याही घरावर येऊ नये म्हणून हे बोलायला हवं.

---

सुगरण_साताऱ्याची

वाचून पोटात गोळा आला. भाजल्यावर, शिजवल्यावर जातं ना विष? आम्ही शेंगदाणे भाजूनच कूट करतो. आणि काळी पडलेली ज्वारी खाल्ली तर? यंदा हायब्रीड पावसात सापडली.

---

शिवारवाट

ताई, बुरशी मरते, विष राहतं. भाकरी, भात, उकडणं यांनी अफ्लाटॉक्सिन जात नाही. भाजल्यानं थोडं कमी होतं, भरवसा ठेवण्याइतकं नाही. शेंगदाण्यात खरा उपयोग वेचण्याचा होतो : सुरकुतलेला, रंग उतरलेला, सालाखाली डाग असलेला, कडवट लागणारा दाणा बाहेर. विष त्याच मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असल्यानं हाताने निवडून बराच भार निघून जातो. तेवढ्यासाठी भाजायच्या आधी निवडा, भाजल्यावर डाग कळत नाहीत.

काळ्या ज्वारीत फ्लेव्हसचा वाटा सहसा कमी असतो. दाणे भरताना पाऊस आला की कर्व्हुलारिया, अल्टरनेरिया, फ्युजेरियम अशा शेतातल्या बुरश्या येतात. त्यांना खूप पाणी लागतं, ज्वारी नीट वाळली की त्यांची वाढ थांबते. पण फ्युजेरियमनं आधी बनवलेलं फ्युमोनिसिन राहतं. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र-कर्नाटकातल्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती ती यामुळेच. दाणा थोडा करडा असेल, वास स्वच्छ असेल तर घाबरू नका. गुलाबी झाक, हलका, भुसभुशीत दाणा असेल तर माणसाला घालू नका. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, म्हणून ती पांढरी राहते.

---

जुनं_खळं

कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेल?

---

शिवारवाट

किड्यांसाठी उपयोगी, आणि किडा कमी म्हणजे बुरशीला मदत कमी. पण ओल्या धान्यात पाला घातला तर त्याचीच ओल वाढते. पाला कडक वाळवलेला हवा.

---

गोठा_आणि_शेत

आमच्याकडे बुरशीचा मका वेचून गाईंच्या भरड्यात घालतात. वाया कशाला घालवायचा म्हणून. रवंथ करणाऱ्या जनावराला चालतो असं ऐकून आहे.

---

शिवारवाट

कृपा करून नका घालू. मोठी गाय कोंबडीपेक्षा जास्त सहन करते हे खरं, पण तिच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चा काही टक्के भाग एम१ या दुसऱ्या रूपात बदलून दुधात उतरतो, आणि तो एका दिवसाच्या आत दिसायला लागतो. दूध उकळून तो जात नाही. ते दूध घरातलं लहान मूल पितं. सदोष खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध बरंच स्वच्छ होतं, एवढीच दिलाशाची गोष्ट. सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंडही तितकीच जपून घ्या. अफ्लाटॉक्सिनचा शोधच पेंडीमुळे लागला : १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की मेले, त्यानंतर.

---

केदार_आयोवा

चढाओढीचा उपयोग करून घेणारं तंत्र इथे वापरतात, त्याबद्दल लिहाल का? शेतात बुरशीच टाकतात!

---

शिवारवाट

हो, लिहायचंच होतं. फ्लेव्हसच्या सगळ्याच जाती विष बनवत नाहीत. सोया सॉस आणि मिसो ज्या अ‍ॅस्परजिलस ओरायझीनं बनतात ती फ्लेव्हसचीच माणसाळलेली, विष विसरलेली नातेवाईक. निसर्गातही विष न बनवणाऱ्या फ्लेव्हस सापडतात. अ‍ॅरिझोनात पीटर कॉटी यांनी कापसासाठी एएफ३६ नावाची अशी एक जात वापरात आणली. तिच्यात विष बनवण्याच्या साखळीतलं सुरुवातीचंच एक जनुक डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलानं बंद पडलेलं आहे. पुढे आफ्रिकेत आयआयटीए या शेती संशोधन संस्थेनं रणजित बंद्योपाध्याय यांच्या पुढाकारानं अफ्लासेफ आणलं, प्रत्येक देशात तिथल्याच स्थानिक निर्विष जाती निवडून. आपल्या माणसाला वाचून बरं वाटेल की बीजाणू वाहून न्यायला ज्वारीचा दाणा वापरतात. तो उगवू नये म्हणून आधी भाजून मारतात आणि वरून बीजाणूंचा लेप देतात. फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो फेकायचं. निर्विष फ्लेव्हस आधी जागा धरते, विषारीला कणीस मिळत नाही, आणि तीच कणसाबरोबर कोठीत जाते. बहुतेक चाचण्यांत अफ्लाटॉक्सिन ८० टक्क्यांहून जास्त घटलंय.

यात फक्त जागा अडवणं नाही. २०११ मध्ये लुइझियानातल्या संशोधकांनी दाखवलं की विषारी आणि निर्विष फ्लेव्हसचे धागे एकमेकांना प्रत्यक्ष चिकटून वाढले तरच विष थांबतं. मध्ये पातळ पडदा ठेवला, ज्यातून पोषण आणि रसायनं जातात पण धागे जात नाहीत, तर विष बनतच राहतं. स्पर्श झाला की विष थांबतं! हे नेमकं कसं घडतं हे कळलं तर पुढे खूप काही करता येईल.

कृषी सेवा केंद्रात ‘बुरशीवर बुरशी’ मागितली तर ट्रायकोडर्मा हातात देतील. ती जमिनीतल्या मर-मूळकुजीसाठी चांगली आहे, पण तिला भरपूर पाणी लागतं. कोठीतल्या धान्यात ती वाढेल इतकी ओल असेल तर ते धान्य केव्हाच गेलेलं असेल. साठवणीत तिचा उपयोग नाही.

---

गोठा_आणि_शेत

समजलं, भरडा बंद करतो. मग खराब मक्याचं करायचं काय? आता इथेनॉलवाले घेतात, भावही बरा देतात. तिकडे दिला तर कुणाच्या पोटात जाणार नाही ना?

---

शिवारवाट

इंधनात विष जात नाही, पण कुठे जातं ते बघा. मक्यातला स्टार्च आंबवून इथेनॉल होतं. मागे उरतो साधारण एक तृतीयांश भाग, तो वाळवून डीडीजीएस म्हणून पशुखाद्यात विकतात. अफ्लाटॉक्सिन आंबवण्यानं किंवा ऊर्ध्वपातनानं नष्ट होत नाही, ते या उरलेल्या भागात साचतं. मक्यात २० पीपीबी असेल तर डीडीजीएसमध्ये ६० च्या आसपास. स्वस्त प्रथिन म्हणून ते पोल्ट्रीला आणि गोठ्यालाच परत येतं. मर्यादेबाहेरचा थोडा मका असेल तर पुरून टाका किंवा शेतापासून लांब जाळा. आणि मळणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सगळा जोर वाळवण्यावर लावा : ताडपत्रीवर पातळ थर, रात्री झाकणं, १३-१४ टक्के आल्याशिवाय थप्पी नाही, थप्पी भिंतीपासून हातभर लांब आणि खाली फळ्या. मध्येच हात खुपसून बघायचं. बाहेरच्यापेक्षा आत गरम लागलं तर त्याच दिवशी पोती मोकळी करायची.

---

अंडी_नाशिक

डीडीजीएसचा मुद्दा आमच्यासाठी फार कामाचा. आम्ही मक्याची गाडी तपासतो आणि डीडीजीएस कागदावरच्या प्रथिनांवर घेतो. खाद्यात विष धरून ठेवणारा बाइंडर टाकतोच, पण बेंटोनाइटचा बाइंडर अफ्लाटॉक्सिनला धरतो, फ्युमोनिसिनला फारसा नाही, हे आमच्या पशुवैद्यांनी सांगितलंय. या आठवड्यापासून डीडीजीएसच्या प्रत्येक लॉटची दोन्ही विषांसाठी तपासणी लावतो. आकडे आले की इथेच टाकीन.